‘हुरहूल’चा अर्थ कळवावा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोन करता आला असता, पण वडिलांनी घालून दिलेला नियम तुला आठवत असेल: या घरात भांडण लेखी करायचं. कागद, पाकीट आणि तिकीट सापडेपर्यंत अर्धा राग उतरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माझा उतरला नाही. तिकिटं घरातच होती.

परवा आपल्या ऑनलाइन शब्दपटावर तू चार अक्षरं मांडलीस, हु-र-हू-ल, आणि छप्पन्न गुण घेऊन गेलास. खेळातल्या नावांनी सांगायचं तर तुझा ‘तासकाटा’ जिंकला, माझं ‘खोडरबर’ हरलं. हरल्याचं मला काही वाटत नाही. (हे वाक्य दोनदा खोडून लिहिलं आहे.) मी पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. तू घड्याळं दुरुस्त केलीस, आणि त्याआधी शाळेत तुझे निबंध माझ्याकडून लिहून घेतलेस, वर माझं अक्षर फार चांगलं आहे, गुरुजी ओळखतील, म्हणून मलाच दटावलंस. असा तू गेले दोन महिने एकेक शब्द काढतो आहेस की तुझे भावजी म्हणतात, याच्या अंगात पंडित शिरला.

तेव्हा महिनाअखेरच्या उपांत्य फेरीत आपली गाठ पडण्याआधी एवढंच कळव: हुरहूल म्हणजे काय?

गुडघ्याला तेल लावतोस ना? राग आहे, पण माया त्याच्याखाली शाबूत आहे.

तुझी,
ताई


७ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा बरा आहे, मान दुखते. दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकून बसायचं, दुसरं काय होणार!

तू एवढी शब्दांतली माणूस आणि हुरहूल माहीत नाही, याचं मला नवल वाटलं. अगं, घड्याळाचं चाक झिजलं की जागच्या जागी किंचित डुगडुगतं. त्या डुगडुगण्याला आमच्या धंद्यात हुरहूल म्हणतात. माझे उस्ताद नेहमी म्हणायचे, आधी हुरहूल काढा, मग तेल घाला. पुस्तकांत सगळंच नसतं, ताई.

भावजींना नमस्कार. पंडित म्हटल्याबद्दल आभारही सांग. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे, फार दाबू नकोस.

तुझा,
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या उस्तादांना मध्ये आणलंस म्हणून आता सगळं सांगते. ते बिचारे असते तर हे वाचून त्यांचं भिंग डोळ्यावरून गळून पडलं असतं.

एकतीस वर्षांपूर्वी आमच्या छापखान्यात एक खिशात मावणारा शब्दकोश छापला. शेवटच्या पानांत एक शब्द होता, हुरहूर. अर्थ: आठवणीने जिवाची होणारी घालमेल. खिळे जुळवताना जुळाऱ्याने शेवटच्या ‘र’च्या जागी ‘ल’ बसवला. तपासणारी मी. मी तो ‘ल’ पाहिला नाही, खाली सही केली. बांधणी होऊन प्रती गेल्यावर दिसला. कुणालाही सांगितलं नाही. मालकांनाही नाही, तुझ्या भावजींनाही नाही. म्हणजे हुरहूल हा शब्दच नाही, बाबा. ती माझी चूक आहे.

आपल्या खेळाचा शब्दसंग्रह त्याच कोशावरून उतरवलेला, म्हणून खेळाने तो मान्य केला. पण तुला कुठून सुचला? त्या कोशाची मी दिलेली प्रत तुझ्या दुकानातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तो कोश पहिल्या पानापासून शेवटापर्यंत बिनचूक पाठ करेल असं कोणी माणूस नसतं. यंत्र असतं. तू बाहेरचा मदतनीस लावून खेळतोस.

नियम तुला ठाऊक आहे: बाहेरची मदत घेतली तर खातं कायमचं बंद, आणि प्रतिस्पर्ध्याला कळलं तर त्याने कळवायचं. मी तक्रारीचा अर्ज उघडला. त्यात विचारतात, कशावरून कळलं? तुझी लबाडी सांगायची तर आधी मला माझी चूक लिहावी लागते. चार दिवस तो रकाना रिकामा आहे आणि मी घरात भांडी आपटते आहे.

उलट टपाली उत्तर हवं. आशीर्वाद सध्या उधार समज.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पकडलंस. उस्तादांच्या फोटोकडे बघायचीही चोरी झाली आहे.

आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांचं घड्याळ चालू करून दिलं, तेव्हा त्यांनी खुशीने माझ्या फोनमध्ये तो मदतनीस घालून दिला. तो पडद्याच्या कोपऱ्यात बसतो, माझी अक्षरं बघतो आणि सगळ्यात मोठा शब्द सांगतो. मी बोटाने मांडतो. म्हणजे खेळतो तो, बोट माझं.

आधी मी पानभर वाद लिहिला होता. तू चष्मा लावतेस ती बाहेरची मदत नाही का, पस्तीस वर्षांची तुझी मुद्रितं म्हणजे काय कमी मदतनीस आहे का, वगैरे. मुद्दे बरे होते. पण लिहून झाल्यावर माझ्याच्यानं वाचवेनात, फाडून टाकले.

खरं सांगतो. पौषात की कधी, मी लागोपाठ अकरा डाव हरलो. या खेळात दोघांमध्ये दोन वर्गांपेक्षा जास्त फरक पडला की खेळ त्यांची गाठच घालत नाही. तू वर, मी खाली. एक डाव आणखी हरलो असतो तर तू मला त्या पडद्यावर पुन्हा दिसली नसतीस. तसंही तू दहा मिनिटांत मला लोळवून ‘उद्या’ एवढं लिहून निघून जायचीस. मदतनीस आल्यापासून डाव तासभर चालतो. मध्ये तू चहा ठेवून येतेस, भावजींचं गाऱ्हाणं सांगतेस. मला जिंकायचं नव्हतं गं. मला तुझ्या वर्गात बसायचं होतं.

अर्ज भर. तुझ्या चुकीची गोष्ट मात्र वगळता आली तर बघ. एकतीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

उधारीवर का होईना, आशीर्वाद चालू ठेव.

तुझा,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (रोख.)

तुझं पत्र भावजींना वाचून दाखवलं. अर्ध्यावर मी कागद त्यांच्याकडे दिला, पुढचं त्यांनीच वाचलं.

आधी मनात आलं, आपणच दहा-बारा डाव मुद्दाम हरावं आणि खाली उतरून तुझ्या वर्गात यावं. भावजी म्हणाले, ही पण लबाडीच, फक्त उलट्या बाजूने. मग तुझंच एक बोलणं आठवलं. आतलं यंत्र काढून त्या जागी सेलचं बसवून द्या, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तू घड्याळ परत केलं होतंस. म्हणाला होतास, असं केलं तर डबी तुमची राहील आणि वेळ दुसऱ्याच घड्याळाची. आपल्या डावांचंही तेच झालं आहे, बाळा. दोन महिने मी त्या डॉक्टरांच्या यंत्राशी खेळले आणि चहाचं निमित्त करून त्याला भावजींची गाऱ्हाणी सांगितली.

काल मी अर्ज भरला. फक्त माझा. हा शब्द चुकीचा आहे, चूक माझी आहे, काढून टाका. तुझं नाव लिहिलं नाही. ते तू लिही, उपांत्य फेरीच्या आधी.

मानेला शेक दे. आहे तीच माया समज, सूट नाही.

तुझी,
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

लिहिलं. स्वतःहून कबूल केलं म्हणून खातं वाचलं, पण वर्षभरासाठी सगळ्यात तळच्या वर्गात टाकलं आहे. रोज सकाळी खेळ माझं ‘ये, नवशिक्या!’ म्हणून स्वागत करतो. परवा एका पहिलीतल्या मुलीने हरवलं आणि वर धीर दिला.

मदतनीस काढून टाकला. डॉक्टर जरा नाराज आहेत, दाढ दुखायच्या आत त्यांची समजूत काढायला हवी.

आता वर्षभर खेळ आपली गाठ घालणार नाही. म्हणून सोबत चौकटी आखलेला कागद पाठवतो आहे. एका पत्रात एक शब्द. पहिला मी मांडला आहे, हुरहूल. अर्थ या वेळी माझा स्वतःचा: आपल्या माणसाच्या ओढीपायी त्यालाच दिलेली हूल. चालेल का ते तू ठरव.

राग उरला असेल तर पुढच्या पाकिटात घाल, आम्ही घेऊ.

तुझा,
धाकटा


३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खेळवाल्यांनी तो शब्द काढला आणि मलाच पूर्ण शब्दसंग्रह तपासायला दिला. तपासणाऱ्याला स्पर्धेत भाग घेता येत नाही, तेव्हा ‘खोडरबर’ही बाहेर. भावजी म्हणतात, दोघांचा निकाल एकदम लागला.

तुझा कागद समोर घेतला. हा शब्द आता खेळाच्या संग्रहातही नाही, म्हणून त्यावर लाल पेनने आडवी रेघ मारली. मग तुझा अर्थ पुन्हा वाचला आणि शब्दाखाली बारीक टिंबं दिली. आमच्या कामात त्या टिंबांचा अर्थ होतो, खोडू नये, आहे तसं राहू द्यावं. गुण मात्र शून्य.

त्याच शेवटच्या ‘ल’वरून खाली माझा शब्द: लबाड. माझे सात लिहून घे.

तुझ्या पाकिटाची हुरहूर लागली आहे. (शेवटचा ‘र’ दोनदा तपासला.)

तुझी,
ताई