फोटो मी खरंच पुसला होता

३ डिसेंबर
वाचनालयातलं भाषण झालं. विषय त्यांनीच दिलेला : परदेशात अनोळखी माणसांचे फोटो सभ्यपणे कसे काढावेत. व्हिएतनामच्या सहलीतला तोच प्रसंग सांगितला. बांबूची गोल, टोपलीसारखी होडी विणणारे आजोबा. मी न विचारता त्यांचा फोटो काढला. आतून त्यांची बायको तावातावाने आली. गाइडने सांगितलं, ‘त्या म्हणतात, माझा नवरा काय प्रदर्शनात मांडलाय?’ आजोबा हसतच होते. मी तिच्यासमोर फोटो पुसला, कॅमेरा तिच्या हातात दिला. बघा, नाही राहिला. नंतर विचारून फक्त हातांचा एक काढला.
टाळ्या. एक बाई म्हणाल्या, ताई, असं मन पायजे.
रिक्षात घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

५ डिसें.
लानचा मेसेज. तीच ती सहलीतली गाइड. आजोबा गेले, महिना झाला. त्याआधी पावसाळ्यात घरात पाणी शिरलं, फोटो होते ते चिखलात गेले. घरातल्या पूर्वजांच्या पूजेच्या ओट्यावर ठेवायला एकही नाही. शंभराव्या दिवसाच्या पूजेआधी हवा आहे. आजींना माझी आठवण झाली. त्या म्हणतात, ‘फिरायला येणारे लोक समोर पुसतात, पण एखादा ठेवतातच. तिनेही ठेवला असेल. मी रागावणार नाही म्हणावं.’
म्हणजे मी त्या दिवशी खोटं बोलले असेन, अशी आजींना आशा आहे.
मी खोटं बोलले नव्हते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
‘नाही’ लिहायला हवं होतं. ‘शोधते’ लिहिलं. लानने लगेच हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. काय करून बसले मी.

७ डिसें.
लॅपटॉप, जुना फोन, पेनड्राइव्ह. नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड तेच आहे, पण त्यावर नंतर पुसदच्या लग्नाचे फोटो काढले. भाच्याची हळद, रुखवत, वरातीतले घोडे, जेवणाच्या पंगती. चारशेच्या वर. एकाच पंगतीचे सव्वीस! कुणाला हवेत?
आजोबांचा चेहरा आठवायला बसले. येत नाही. भाषणात मी सांगते तेवढंच येतं, ‘सुरकुत्यांतून हसणारा’. ते माझे शब्द आहेत. नाक कसं होतं? दात होते का?

१० डिसें.
स्टँडजवळच्या स्टुडिओत कार्ड दिलं. दिलीपभाऊ घरचेच. आमच्याकडचे सगळे फोटो त्यांच्याकडचे, लग्नाचे आणि तेरवीचेही.
“ताई, पुसल्यावर त्याच्यावर दुसरे फोटू काढले काहून? तसंच ठेवलं असतं तं निंगला असता.”
म्हटलं, तेव्हा तो परत लागेल असं वाटलं नव्हतं.
“मंग पुसला कायले?”
सभ्यपणा म्हणून, असं सांगता आलं नाही.

१३ डिसें.
दिलीपभाऊंचा फोन नाही. दोनदा केला, उचलला नाही. कापूस वेचायला निघालेल्या बायांची गाडी दारावरून गेली. एकीने हात केला. मी केला नाही, हे नंतर लक्षात आलं.
लान : काही मिळालं का? आजी रोज विचारतात. पुसायला आपणच लावलं म्हणून रडतात.


१६ डिसें.
मिळाला. म्हणजे वरची पट्टी मिळाली. टोपीचं टोक, मागची माडाची झाडं, कपाळाचा थोडा भाग. त्याखाली सगळं करडं.
दिलीपभाऊंनी पट्टी मोठी करून पाहिली. मग म्हणाले, “टोपी हाये, तुमच्यापाशी हात हाये. मधात चेहरा मी बनवतो. तिकडचे बुढे सारे सारखेच दिसतात. आता तं कंप्युटर दोन मिनिटात करते. तेरवीसाठी लोकाईले असेच करून देतो ना. तुमच्या सासऱ्याले कोट कोनं घातला?”
बनवा म्हणाले नाही. नकोही म्हणाले नाही.

१७ डिसें.
बनवून पाठवला त्यांनी. मन लावून केलंय. हसणारा, दयाळू म्हातारा. हाच असेल कदाचित. लानला जोडला, बोट बटणावर. पाठवला नाही. पुसलाही नाही.

१९ डिसें.
आई (सासूबाई) तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना फोटो दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे सासरे, निळ्या कोटात.
“हे ते नोहेत, मंदा.”
“म्हणजे?”
“कान पाह्य ना. त्याईचा डावा कान तुटका होता, बैलानं मारलं होतं लहानपनी. यानं दोन्ही कान नवे करून देल्ले. दहा वर्स झाले, पाह्यून राह्यली मी.”
“मग रोज नमस्कार कुणाला करता?”
“कोटाले!” हसल्या. मग हसणं थांबलं. “आता माह्याही ध्यानात हेच येतात. खरे येतच नाहीत. तू हे त्या बाईले करू नोको.”
शेंगा सोलत राहिल्या. मलाही सासऱ्यांचा कान आठवला नाही.

२० डिसें.
लानला खरं लिहिलं. खरंच पुसला होता. ‘शोधते’ लिहिलं तेव्हाही मला ते माहीत होतं. आहे ते एवढंच : हात, आणि ती वरची पट्टी. बनवलेला चेहरा पाठवला नाही. पाठवण्याआधी पाच वेळा लिहून खोडलं. माफी मागणारं वाक्य जमत नाही, प्रत्येक वेळी मीच चांगली ठरते त्यात.

२१ डिसें.
काही नाही.

२२ डिसें.
काही नाही. पाहिल्याची खूण आहे.

२३ डिसें.
लान : आजींनी हात ओळखले. अंगठ्याजवळचा व्रण दाखवला मला, कोयत्याचा. पट्टीवर बोट ठेवून खाली, खाली नेत होत्या, जणू खाली अजून आहे. मी तुमचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, ‘ती चांगली बाई आहे. तिला सांग, अजून एकदा बघ.’

२४ डिसें.
दिलीपभाऊ म्हणतात नागपूरला पुसलेले फोटो काढून देणारा एक जण आहे, पण “जाऊ नोका ताई, करडं ते करडंच राह्यते.” कार्ड कापसात गुंडाळून डबीत ठेवलंय. सकाळी सातची बस.
लानला उत्तर द्यायचं आहे. ‘शोधते’ लिहायचं नाही. मग दुसरं काय लिहू?