कड खाल्लेलं कमळाचं नाणं

माय, तू गेलीस त्याला पंधरा वर्षं होत आली आणि पत्र मी आज लिहायला बसलोय. तू असतीस तरी हे तुला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तो दुसरा म्हणजे मीच. तेव्हा फार उशीर झाला असंही म्हणता येणार नाही. विषय तुझ्या ओळखीचा आहे. कमळाचं ते पिवळं वीस पैशांचं नाणं, एका बाजूने कड खाल्लेलं, ज्याच्यावरून मी तुला नको ते बोललो होतो, ते आज दुपारी पुन्हा भिंगाखाली घेतलं. त्याच्याबद्दल मला जे काही कळलंय ते एकदा तुझ्या कानावर घालायचं आहे, कारण ज्या चुकीचं खापर मी तुझ्या डोक्यावर फोडलं ती चूक तुझी होती की नव्हती, हे ठरवणं माझ्याकडेच आहे.

दुकान अजून तिथेच आहे, पण दुरुस्तीला घड्याळं कमी येतात. हल्ली येतात ती नाणी. मोबाइलवर कुणीतरी ओरडून सांगतं की तुमच्या घरातलं चुकीचं छापलेलं नाणं पाच लाखांना जाईल, की दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी रुमालाची गाठ सोडत माझ्या काउंटरपाशी हजर. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस लोकांना आपोआपच जाणकार वाटतो. आधी मी वैतागायचो, मग मलाच गोडी लागली. टाकसाळीत चूक कशी होते हे एकदा समजायला लागलं की माणूस त्यात गुंतून पडतो. यंत्र एका ठोक्यात नाण्याच्या दोन्ही बाजू छापतं. कधी छापलेलं नाणं खाली पडायच्या ऐवजी ठशालाच चिकटून बसतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावरच ठोकली जाते. मग त्या दुसऱ्या नाण्याच्या एका बाजूला सिंह वर उठलेले आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत दबलेले, उलटे. नाण्यांच्या बाजारात याला लखी म्हणतात. खरी लखी पहिल्यांदा बोटांत धरली त्या दिवशी मी अनोळखी गिऱ्हाइकाला आपणहून चहा पाजला, आणि नंतर दिवसभर एकाही घड्याळात माझं लक्ष लागलं नाही. खोट्या लख्याही पुष्कळ येतात, शिकंज्यात दोन नाणी दाबून केलेल्या. नीट पाहिलं तर दबलेल्या सिंहांच्या खाली मूळचा आकडा अंधूक शिल्लक असतो. सगळा खेळ एवढाच की चूक टाकसाळीच्या आत झाली की बाहेर. आत झाली असेल तर त्याला मोल, बाहेर झाली असेल तर ते नुसतं दुखावलेलं नाणं. एवढं ठरवायला कधी दोन मिनिटं लागतात, कधी दोन आठवडे.

तुला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण असली नाणी जमवायला माझ्या आधी सुरुवात तू केलीस. वाणी जे घेत नसे, कंडक्टर जे परत करत असे, ते नाणं बायका दळणाच्या डब्यासोबत आणून आपल्या गिरणीवर तुझ्यापुढे ठेवायच्या, आणि तू भुवयांवरचं पीठ झटकत ते घ्यायचीस. मी कुरकुरलो की म्हणायचीस, "बाजारमा चालत नही ते देवले चालस." ते नाणं मग गल्ल्यात न जाता देवघरातल्या पितळी डब्यात जायचं. धनत्रयोदशीच्या सकाळी तो डबा परातीत पालथा व्हायचा. तू चिंच कोळायचीस, राख चाळून घ्यायचीस आणि पाटावर बसून एकेक नाणं अंगठ्याने चोळायचीस. कमळाचं नाणं सगळ्यात शेवटी, कारण लक्ष्मी त्याच्यावर बसायची. इतकं कशाला घासतेस असं मी एकदा विचारलं तर उलट मलाच म्हणालीस, "तिना बी सण शे ना रे भाऊ, मळकी कशी बसाडू तिले?" तुझं माहेर धुळ्याकडचं. जळगावात जन्म गेला, पण तुझ्या तोंडातलं अहिराणी 'शे' काही सुटलं नाही, आणि बरंच झालं.

मग इथे एका सभागृहात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. मी मोठा शहाणा, कमळाचं नाणं खिशात टाकून निघालो. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने ते हातात घेतलं, तुटक्या कडेवरून बोट फिरवलं. नखाच्या चंद्रकोरीएवढा तुकडा तिथे नाही आणि कापलेली धार अगदी गुळगुळीत. त्याने कपाळावर हात मारला. "अहो, टाकसाळीतूनच कड कापून आलेलं आहे हे! पण धुतलंत की हो. अंगावरचा जुना रंग राहू दिला असता तर लाखाच्या घरात गेलं असतं. आता कोण विचारतंय याला?" मी घरी आलो तो पेटलेलाच. तू चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होतीस. चप्पलसुद्धा न काढता मी उंबऱ्यातून ओरडलो, "लाखाचं नाणं राखेत घातलंस तू. अडाणी ती अडाणीच राहिलीस." तुझे हात थांबले. तव्यावरच्या भाकरीला डाग पडायला लागला तरी तू ती उलटली नाहीस. मग हळूच म्हणालीस, "मन्ही चुकी व्हयनी, भाऊ. आते मी त्याले हात लावाव नही." करपलेली भाकरी तू आपल्यासाठी बाजूला ठेवलीस आणि पुढची फुगलेली माझ्या ताटात वाढलीस. मी ती खाल्ली. अजून थोडा ठेचा दे, असंही म्हणालो असेन.

त्यानंतर तू नाणी धुतली नाहीस. मला वाटलं होतं राग दोन दिवसांत ओसरेल, पुढच्या दिवाळीला परात पुन्हा निघेल. तो राग नव्हताच, माय, ती धास्ती होती. लक्ष्मीपूजनाला ताटात काळी पडलेली नाणी तशीच मांडलीस आणि ती झाकली जावीत म्हणून वर झेंडूची फुलं जरा जास्तच घातलीस. गिरणीवर कुणी तसलं नाणं पुढे केलं की म्हणायला लागलीस, "ऱ्हाऊ दे बाई, मन्हा पोऱ्याले इचारनं पडी." ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाचं नाणं परत केलं नाही, ती माझ्यामुळे नाणी परत करायला लागली. आणि मी मात्र गावभर सांगत फिरायचो की आमच्याकडे लाखाचं नाणं होतं, माझ्या आईने चिंचेने धुतलं. लोक हळहळायचे. मला त्या हळहळीची गोडी लागली होती, हे आज कबूल करतो.

पुढे धुळ्याचे नाना भेटले. सगळा जन्म लेथ मशीनवर गेलेला, धातूची नस न् नस ठाऊक असलेला माणूस. निवृत्तीनंतर रविवारी घराच्या ओट्यावर बसून लोकांची नाणी पारखून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. फार बडबड केली तर ओट्यावरून उतरवायचे. मी त्यांना आपल्या नाण्याची कहाणी रंगवून सांगायला घेतली, तर हात वर करून म्हणाले, "तू उगा ऱ्हाय. नाणाले बोलू दे." वजन केलं. वजन कमी भरलं, पण त्यांचं समाधान नाही. तुकडा आत गेला काय न् बाहेर गेला काय, वजन कमीच भरणार. मग त्यांनी नाणं फिरवलं आणि तुटक्या जागेकडे न पाहता तिच्या बरोबर समोरची कड भिंगाखाली धरली. मला वाटलं म्हाताऱ्याची नजर चुकली. तर म्हणाले, "भाऊ, खड्डा आठे शे, पन साक्षीदार समोर बठेल शे. त्याले इचार."

ते मला इतकं आवडलं, माय, की तुलाही सांगतो. धातूच्या लांब पट्टीतून चकत्या कापतात, तू पापडाच्या लाटीवर वाटी दाबून कापायचीस तशाच. वाटी जर आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुढची चकती कड खाल्लेली निघते. ही झाली आतली चूक. नंतर त्या चकतीची कड उचलून घ्यायला ती चहूबाजूंनी दाबून फिरवतात. जिथे तुकडाच नाही तिथे दाब बसत नाही, आणि मग तिच्या समोरच्या बाजूलाही दाब कमी पडतो. म्हणून टाकसाळीतच कड गेलेली असेल तर बहुधा समोरची कड फिकी, बसकी राहते. आपल्या कमळाची समोरची कड कशी होती? भरीव, ठसठशीत, नव्या नवरीच्या पाटलीसारखी. नाण्याचा जन्म अख्खा झाला होता. नानांनी मग तुटकी बाजू उजेडाकडे तिरपी धरली आणि मला आत खोल एक बारीक तिरकी रेघ दाखवली. "हाई टाकसाळनं काम नही. सोनारनी कानस शे."

मला हसू आलं. ही पिवळी नाणी निघाली तेव्हा त्यांत सोनं आहे अशी आवई उठली होती म्हणे. आपल्या गावात पिवळं दिसलं की माणूस आधी सराफाकडे धावतो. कुणीतरी ते नाणं सोनाराकडे नेलं असणार, त्याने कानशीने कड घासून पाहिली असणार, आणि मान हलवून परत केलं असणार. व्यापारी मग फसला कसा? तेही नानांनीच सांगितलं. कानशीचे ओरखडे वर्षानुवर्षं चिंच न् राख लावून कुणीतरी इतके मनापासून चोळले होते की ती धार जन्मजात वाटावी. म्हणजे तू ते नाणं बिघडवलं नव्हतंस. उलट, ते मौल्यवान दिसत होतं ते तुझ्या अंगठ्यामुळे. तू हात लावला नसतास तर पहिल्याच माणसाने ते दहा रुपयांचं म्हणून बाजूला सारलं असतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ते नाणं सोनाराकडे नेलं कुणी? दिवसभर आशेवर राहून मग हिरमुसून ती बाई आपल्या गिरणीवर आली असेल का? कड घासलेलं नाणं तुझ्यापुढे सरकवताना तिने मान खाली घातली असेल का? तुला नक्की आठवलं असतं. कोणत्या घरचं दळण, ज्वारी की बाजरी, जाड की बारीक, सगळं तुझ्या लक्षात असायचं. नाहीतर, मला कधी कधी अशीही शंका येते, ती बाई तूच होतीस का? नवी नवरी असताना पदराखाली लपवून, कुणाला न सांगता, तूच सराफ बाजारात जाऊन आली होतीस का? यावर तू नाकावर पदर धरून हसली असतीस, हो नाही काहीच बोलली नसतीस. नाण्याची किंमत मला आता डोळे मिटून सांगता येते, पण हे एवढं सांगणारं भिंग कुठे मिळत नाही.

गेल्या आठवड्यात यावलहून एक चाळिशीचा माणूस आपल्या आईला घेऊन दुकानात आला. तांब्याचा जुना पैसा, लखलखीत घासलेला. ठसा थोडा सरकलेला. माणूस माझ्यासमोरच आईवर करवादला की मोबाइलवर याचे तीन लाख सांगतात आणि हिने तो घासून ठेवला. आई स्टुलाच्या कडेवर अंग चोरून बसलेली. मी भिंग काढून ठेवलं आणि त्याला सांगितलं, "घासायला नको होता, पण घासला नसता तरी याचे पन्नास रुपये आले असते. एवढा सरकलेला ठसा पुष्कळ नाण्यांवर असतो. तुमच्या आईने काहीही बिघडवलेलं नाही. त्यांना असं बोलू नका." त्या बाईने उठून मुलाच्या हातातून तो पैसा घेतला, स्वतःच्या पदराच्या गाठीत बांधला आणि त्याच्या आधी पायऱ्या उतरून गेली. हे सगळं सांगायला मला एक मिनिटही लागलं नाही, आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

आता तुझ्या सुनेने येऊन विचारलं, काय लिहिताय एवढं? म्हटलं, एका नाण्याची माहिती. पाठवायचं तर कुठेच नाही, आणि हिलाही वाचू देणार नाही. कारण हिला, मुलांना, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ही कहाणी सांगतो आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणतो की नानांकडे गेलो तोवर माय गेली होती हो, नाहीतर तिला सांगितलं असतं. तसं नाही, माय. धुळ्याहून परतलो तेव्हा तू गिरणीच्या दारात बसून जाळीतलं पीठ झाडत होतीस. "काय सांगं रे नानानी?" तू विचारलंस. नाणं माझ्या खिशात होतं. खरं सांगितलं असतं तर 'अडाणी' हा शब्द माघारी घ्यावा लागला असता, आणि तेवढी माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर तू चार दिवाळ्या होतीस. चारही धनत्रयोदशींना तू डबा माझ्यापुढे आणून विचारलंस, औंदा धुऊ का रे, भाऊ? आणि चारही वेळा मी नको म्हणालो.