इस्त्रीवाल्या भैयांकडची किल्ली

मंगळवार, आलमबाग

आज ऑफिसात सगळ्यांना झाडलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून घेतलेलं एक फुकटचं पॅकेज आहे. सगळा डेटा त्याच्या हाती, आणि ते लिहिलं कोणी, कुणालाच ठाऊक नाही! "ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यावर विश्वास ठेवलातच कसा?" काय तोरा होता माझा!

घरी आले तर कुलूप. लेक क्लासला, किल्ली नेहमीसारखी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भैयांकडे. चार वर्षं त्यांच्याकडेच असते. त्यांचं नाव? अरे देवा.

मी हात पुढे केला, तर भैयांनी किल्ली मागे घेतली. "माफ़ कीजिए भाभीजी, बिटिया कह गई है, नाम पूछे बग़ैर किसी को न दें। आपका शुभ नाम?"

मुकाट्याने सांगितलं. किल्ली मिळाली. त्यांचं नाव विचारायचं मात्र आजही राहिलंच.