संग्रामची कायम न झालेली नोकरी

ती. अक्कास,

ट्रॉयहून मोरेश्वरचा वाकून नमस्कार (पाठीने परवानगी दिली तितकाच वाकलो). तुझी साखर आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे रत्ना आणि मी ठीक आहोत, बर्फ पडायला लागलाय.

तू विचारलंस, आमचा संग्राम कॉलेजात कोणता विषय शिकवतो. अक्का, आता खरं सांगतो. तो फुटबॉल शिकवतो. आपला पायाने खेळायचा नव्हे. इथला अमेरिकन, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडायचा. (प्रोफेसर आहे असं मी कधीच म्हटलं नव्हतं. तू म्हणालीस, मी खोडून काढलं नाही.) बारा वर्षांत हे त्याचं चौथं कॉलेज. आधी तीन ठिकाणी दुसऱ्याच्या हाताखाली होता, इथे ओहायोत पहिल्यांदाच मुख्य कोच झाला. या धंद्यात संघ हरला की पोरं जागच्या जागी राहतात आणि कोचचं सामान ट्रकमध्ये चढतं. यंदा ओळीने आठ सामने हरले होते.

त्यामुळे परवा शनिवारी नववा जिंकल्यावर मला राहवेना. दर सामन्याला मी गाडीत पेढ्यांचा डबा नेत होतो (आणि परतीच्या वाटेवर आम्हीच संपवत होतो, रत्नाचं वजन वाढलंय). मैदानावर कॉलेजचे प्रेसिडेंट संग्रामकडे जाताना दिसले. मी त्यांना गाठून हातावर पेढा ठेवला आणि आपल्याकडे कुठलाही बाप विचारील तेच विचारलं, की पोराला कायम कधी करताय? त्यांनी पेढा खाल्ला, आणखी एक मागून घेतला, आणि मग संग्रामला बाजूला नेऊन त्याला काढल्याचं सांगितलं. ते आधीच ठरलेलं होतं म्हणे.

संग्राम परत आला आणि मलाच म्हणाला, "बाबा, इट्स ओके. ही रिअली लाइक्ड द पेढा." मग एकेका खेळाडूशी हात मिळवायला गेला. ऐंशी पोरं असतील, एकालाही सोडलं नाही. मी डबा धरून उभा होतो. फार वाईट वाटलं गं.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
मोरू

ता. क. संग्राम महिनाभर तुझ्याकडे सांगलीला येतोय. नोकरीचं काही विचारू नकोस.

आणखी ता. क. त्याला एवढं सांग, की बापाने बारा वर्षांत तुझा एकही सामना चुकवलेला नाही, आणि त्याला तुझा अभिमान वाटतो. मी सांगायला गेलो की तोंडातून 'गाडीचं ऑइल बदललंस का' एवढंच निघतं.

शेवटचा ता. क. हे ऐकून तो मला फोन करील. तेव्हा मी काय बोलायचं, ते आधी लिहून पाठव.