चिरेखाणीतलं स्पिरुलिना

१७ एप्रिल
घरामागच्या बंद चिरेखाणीत साचलेलं पाणी हिरवंगार झालंय. ऑइलपेंट सांडल्यासारखं. प्रभावती म्हणाली, घाण आहे. बायकोला व्हिजन नाही. मोबाइलवर बघितलं: स्पिरुलिना! परदेशात गोळ्या करून खातात. जन्मभर मुंबईत फायली सरकवल्या, आता पालीत उद्योजक.

२० एप्रिल
शेजारच्या सखारामला म्हटलं, म्हशीला पाज, प्रोटीन आहे. म्हशीने वास घेऊन तोंड फिरवलं. अडाणी जनावर.

२२ एप्रिल, संध्याकाळ
पुतणी नम्रता आली. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. म्हणे, काका, हे स्पिरुलिना नव्हे, दुसरंच नीलहरित शेवाळ. वरच्या बागेतलं खत पाण्यात उतरलं की उन्हात असं माजतं. यातलं काही विषारी असतं, लिव्हर खराब करतं, आणि नुसतं बघून कळत नाही. बाटलीत सॅम्पल घेऊन गेली. फॉर्म्युला पळवला, दुसरं काय!

२३ एप्रिल
तोडगा सापडला. उकळायचं! नम्रताचा फोन: उकळून विष जात नाही, उलट पेशी फुटून आणखी पाण्यात उतरतं. हल्लीच्या मुलांना निगेटिव्ह बोलायची सवयच.

२९ एप्रिल
ठरलं. महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं की शाळेतल्या मुलांना कोकम सरबताऐवजी माझं आरोग्यपेय. शाळेच्या बाई खूश. साखर, वेलची आणली.

३० एप्रिल, सकाळ
पातेलंभर तयार. आधी स्वतः दोन ग्लास घेतलं. चव खाडीच्या चिखलाची. पण शक्ती आल्यासारखी वाटते.

संध्याकाळ
शक्ती जाते आहे. दोन्ही बाजूंनी.

१ मे
रत्नागिरीत अ‍ॅडमिट. सलाइन. पातेलं प्रभावतीने खड्डा खणून पुरलं आणि शाळेत जाऊन बाईंना म्हणाली, आमच्या ह्यांच्या हातचं काही घेऊ नका. मुलांना सरबतच मिळालं. माझी बदनामी झाली ती वेगळी.

३ मे
लिव्हरला सूज. नम्रताच्या सॅम्पलमध्ये विष निघालं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही निभावलात, लहान मुलाला झेपलं नसतं.
पहिलीतली पोरं डोळ्यांपुढे आली. भिंतीकडे तोंड करून पडलो. नम्रता आली तेव्हा झोपेचं सोंग घेतलं.

७ मे
घरी आलो. खाणीला ग्रामपंचायतीने काटेरी कुंपण घातलंय, बोर्ड लावलाय: पाणी विषारी, माणसं-गुरं कोणी उतरू नये. प्रभावतीला म्हटलं, बघ, गाव माझ्यामुळे सावध झालं. तिने पेज वाढली. मग विचारलं, सोबत हिरवी चटणी देऊ?
नको म्हटलं.