दोन बोटांची खूण

शनिवार, संध्याकाळ. देवपूर, धुळे.

चार दिवस वही उघडली नाही. आजही टाळतच होते, आधी शेवभाजी खाऊन आले. आंतरकॉलेज सॉफ्टबॉलची फायनल आम्ही जळगावच्या मुलींकडून हरलो. हरल्याचं नाही, नसरीनचं वागणं लागलं.

मी कॅचर, बॅटरमागे बसून चेंडू टाकणाऱ्या पिचरला खुणा करणारी. कुठेच न टिकणारी, पण या जागेवर टिकलेली. मांडीवर दोन बोटं म्हणजे हळू चेंडू टाक. ही खूण फैजपूरला शाळेत आम्ही दोघींनीच ठरवली. गेल्या वर्षापर्यंत नसरीन माझी पिचर होती, यंदा जळगावच्या कॉलेजात गेली.

फायनलआधी आमचे कोच सर म्हणाले होते, "खुणा बदल गं."

"नसरीन सांगायची नाही, सर."

शेवटच्या डावात ती दुसऱ्या बेसवर होती, माझ्या खुणा दिसतील अशी अगदी समोर. मी दोन बोटं ठेवली, तिने हेल्मेटला हात लावला. वाटलं, पट्टा सैल असेल. पुन्हा दोन बोटं, पुन्हा हेल्मेट. त्यांच्या बॅटरने तिच्याकडे बघून, निवांत थांबून चेंडू कुंपणाबाहेर मारला.

खेळात हे चालतं म्हणे. चालत असेल. पण ती दोन बोटं आमची होती ना? की मीच येडी?

आत्ता खोलीतली सुनंदा सांगत आली, "तुनी नसरीन दारमा उभी शे. नुसती मांडीवर दोन बोटं ठेईसन उभी शे."