पंजाबरावांसाठी गार मोटार

२ मे १९३९, अमरावती.
अकोल्याचे पंजाबराव आमच्या सुभद्राला सून म्हणून पाहायला तयार आहेत, पण पाऊस पडल्यावर. माणूस भारी अंगाचा, ऊन सोसत नाही म्हणे. तोवर त्यांच्या मुलासाठी परतवाड्याच्या स्थळानं डाव साधला तर? ताबडतोब कळवलं, की आमची मोटार आतून गार असते, मी स्वतः न्यायला येतो. खिडकीला पाण्यानं भिजवलेली वाळ्याची टट्टी, मागं इलेक्ट्रिक पंखा. चिखलदऱ्याची हवा. पंखा लावून झाला आहे. फक्त फिरत नाही. किरकोळ बाब.

३ मे.
फॉल्ट शोधायची माझी पद्धत शास्त्रीय आहे. आधी बॅटरी. काढून तपासली. उत्तम निघाली. धोतराला ॲसिडची भोकं पडली, पण एक शक्यता तर संपली. सुभद्राची माय विचारत होती, की काल निदान मोटार चालू होत होती, आज तेही कावून नाही. बॅटरी परत बसवायची राहिली होती. टप्प्याटप्प्यानं काम करणं सगळ्यांना समजत नाही.

५ मे.
फ्यूज बदलला. फरक नाही. स्विच खोलला. आतली स्प्रिंग उडून विहिरीत गेली. स्विच म्हणजे नसता फॉल्टच. वायरी थेट जोडल्या.

६ मे.
पंख्याच्या वायरीला बल्ब लावून पाहिला. पेटला. म्हणजे वीज येते, तरी पंखा ढिम्म. निष्कर्ष: बल्बवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

८ मे.
जमलं. पंख्याची दुसरी वायर मोकळीच लोंबत होती. हॉर्नच्या बटणामागं एक स्क्रू दिसला, तिथं आवळली. आनंदाच्या भरात हॉर्न दाबला, तर पंखा भर्रकन सुरू. अर्धं राजापेठ जमा झालं. सुभद्रानं विचारलं, हॉर्न न दाबता फिरतो का. टेस्टिंग पूर्ण झालं म्हणून सांगितलं. पोरीला शंका फार.

११ मे, संध्याकाळ.
सकाळी अकोल्याहून पंजाबरावांना घेऊन निघालो. गर्दीत हॉर्न वाजतच होता तोवर ठीक; शहर सुटलं तसा पंखा बंद. हॉर्न दाबला की चालू, सोडला की बंद. कारण माझ्या चटकन लक्षात आलं, म्हणजे बोरगाव जाईपर्यंत. उपाय सोपा होता. हॉर्न सोडायचाच नाही.

झुळूक आली की पंजाबराव डोळे मिटत, हॉर्ननं पुन्हा उघडत. टट्टीचं पाणी त्यांच्या पागोट्यात गळत होतं, गारव्यात भरच. समोरून एका वरातीची दमणी आली, ती बैलांसकट शेतात उतरली. नवरदेव सुखरूप. मूर्तिजापूर दिसू लागलं तेव्हा हॉर्नचा आवाज बसला. मग पंखा गेला. मग मोटार.

पंजाबराव उतरून निंबाखाली बसले. पागोटं पिळलं. मग बोलले:
"केशवराव, मले ऊन सोसते. हे नाई सोसत."
तिथून ते रेल्वेनं आले. मोटारीवरचा भार कमी व्हावा, हा त्यामागचा विचार असावा.

१२ मे.
पाहणं झालं. मी मोटार ओढून आणायच्या खटपटीत, म्हणून हजर नव्हतो. सुभद्राच्या मायनं सांगितलं ते असं. पंजाबरावांनी पोरीला एकच गोष्ट विचारली: तुझा बाप नेहमीच असा आहे का? सुभद्रा म्हणाली,
"हो जी. पण आमच्यासाठी कराचं काम त्यायनं कधी दुसऱ्यावर ढकललं नाई."
पंजाबराव हसले म्हणे. अकोल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. सुभद्राचं वाक्य मी दोनदा सांगायला लावलं. डोळ्यांत बहुतेक ॲसिडची वाफ गेली असावी.

१५ मे.
होकार आला. मोटारीची छाप पडणारच होती. लग्न अकोल्याला. त्यांची अट एकच: मांडवातल्या गॅसबत्त्यांना, बाजाला, मंडपाच्या दोरीलासुद्धा मुलीच्या वडिलांनी हात लावायचा नाही. त्यांनी फक्त अक्षता टाकायच्या. विचार करून कळवतो, असं मी म्हणणार होतो. सुभद्राच्या मायनं तेवढ्यात हो म्हणून टाकलं.